आपला आमदार पक्षाबरोबर किती वेळा मत देतो? टक्केवारी घरी काढायची रीत

ऑक्टोबर उजाडला की मिशिगनमध्ये आमच्या टपालपेटीत निवडणुकीच्या चकचकीत कार्डांचा पाऊस पडतो. मागे एकदा एकाच आठवड्यात एकाच उमेदवाराबद्दल दोन कार्डं आली. विरोधकांच्या कार्डावर लिहिलं होतं, 'हा ९८ टक्के वेळा पक्षाच्या पुढाऱ्यांमागे जातो.' त्याच्या स्वतःच्या कार्डावर, 'माझी बहुतेक मतं दोन्ही पक्षांना मान्य झालेल्या विधेयकांवर आहेत.' मी दोन्ही कार्डं फ्रिजवर चिकटवली आणि शनिवार-रविवार लॅपटॉप घेऊन बसलो. रविवारी रात्री कळलं की दोन्ही खरी होती. खोटं कुणीच बोललं नव्हतं, फक्त प्रत्येकाने आपल्या सोयीचा भाजक घेतला होता.

तेव्हापासून हा हिशेब मी स्वतःच करतो. एक्सेलमध्ये घरखर्च मांडता येत असेल तर हेही जमतं. खाली उदाहरण मिशिगनचं आहे, कारण तिथलं मला हातासरशी माहीत आहे. पण थोडाफार फरक सोडला तर न्यू जर्सी, टेक्सस, इलिनॉय कुठेही हीच रीत चालते. इथे 'स्टेट रेप' आणि 'स्टेट सेनेटर' म्हणतात. मी सरळ आमदार म्हणणार आहे. आणि कॉकस म्हणजे सभागृहातला एका पक्षाच्या सगळ्या आमदारांचा गट. मतदानाआधी हा गट बंद दाराआड बसतो आणि काय करायचं ते ठरवतो.

आपल्याकडून आलेल्या माणसाला आधी एक गोष्ट डोक्यातून काढावी लागते. आपल्याकडे व्हिप म्हणजे आदेश. १९८५ सालच्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टामुळे व्हिप मोडला की आमदारकीवर गदा येते. महाराष्ट्रात ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे यांनी १६४ विरुद्ध ९९ असा विश्वासदर्शक ठराव जिंकला. त्यानंतर 'व्हिप नेमका कुणाचा' हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की प्रतोद नेमण्याचा हक्क राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. एरवी आपली बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानेच पार पडतात. अशा ठिकाणी निष्ठेची टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. नावनिशी नोंदच हाती येत नाही. अमेरिकेतही व्हिप असतो, पण तो आदेश नव्हे, पक्षाचा एक पदाधिकारी असतो. त्याचं काम मतं मोजायची आणि मनधरणी करायची. मिशिगनच्या हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, २०२३-२४ मध्ये कॅन्टनचे रणजीव पुरी डेमोक्रॅट बहुमताचे व्हिप होते. त्यांचं न ऐकणाऱ्या आमदाराची समिती जाऊ शकते, पुढच्या निवडणुकीचा पैसा आटू शकतो, पण खुर्ची जात नाही. म्हणून इथे टक्केवारीला काही अर्थ उरतो.

पहिलं काम: 'पक्षाबरोबर' म्हणजे कुणाबरोबर, ते ठरवा

दोन व्याख्या प्रचलित आहेत. एक, कॉकसमधल्या बहुसंख्य आमदारांनी जे मत दिलं ते पक्षाचं मत. दुसरी, गटनेत्याने किंवा स्पीकरने जे मत दिलं ते पक्षाचं मत. नवख्याने पहिलीच धरावी. नेता कधी गैरहजर असतो, कधी डावपेच म्हणून उलट मत देतो. काही सभागृहांत फेरविचाराचा ठराव जिंकलेल्या बाजूच्याच माणसाला मांडता येतो, म्हणून हरणार हे दिसलं की नेता मुद्दाम तिकडे जाऊन बसतो. असं मत बंडखोरी म्हणून मोजलं तर हसं होईल.

कॉकस लहान असेल (मिशिगनचं सेनेट, म्हणजे वरचं सभागृह, मुळात ३८ जणांचंच आहे) तर बहुसंख्या काढताना ज्याचा हिशेब चालू आहे त्याचं मत बाजूला ठेवा. नाहीतर अटीतटीच्या वेळी तो माणूस स्वतःशीच निष्ठावान ठरतो.

दुसरं काम: कच्चा माल आणा

मिशिगनच्या राज्यघटनेप्रमाणे विधेयकाच्या अंतिम मंजुरीवेळी कुणी कसं मत दिलं ते नावासकट जर्नलमध्ये, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, छापावंच लागतं. इतर प्रश्नांवर मात्र हजर सदस्यांपैकी एकपंचमांश लोकांनी मागितलं तरच नावं नोंदली जातात. म्हणजे दुरुस्त्यांवरची बरीच लढाई आवाजात विरून जाते, हे आत्ताच लक्षात ठेवा.

जर्नल विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतं. पण पीडीएफमधून नावं वेचत बसू नका, मी एकदा तो उद्योग केला आहे. लेजिस्कॅन या सेवेवर मोफत खातं उघडलं की पन्नासही राज्यांची अधिवेशनवार माहिती सीएसव्ही स्वरूपात (एक्सेलमध्ये थेट उघडणाऱ्या साध्या फाइली) उतरवून घेता येते. मिशिगनचं १०२वं विधिमंडळ (२०२३-२४) घ्या. झिप उघडली की बऱ्याच फाइली दिसतील, आपल्याला चारच हव्यात: विधेयकं, रोल कॉल (नावनिशी नोंदलेली मतदानं), मतं आणि माणसं. मतांच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एका माणसाचं एका प्रश्नावरचं मत, आणि ते आकड्यात असतं: १ होकार, २ नकार, ३ मत दिलं नाही, ४ गैरहजर.

आकार बघून घाबरू नका. समजा दोन वर्षांत हजार रोल कॉल झाले, तर ११० जणांच्या हाऊसच्या एक लाख दहा हजार ओळी होतात. एक्सेलमध्ये दहा लाखांहून जास्त मावतात. पहिल्याच झटक्यात हाऊस आणि सेनेट वेगळं करून दोन फाइली करा. दोन्ही एकत्र ठेवून पिव्हट (एक्सेलचा आपोआप मोजणी करणारा तक्ता) केलं तर पुढचं सगळं चुकतं आणि का चुकलं ते रात्री अकरा वाजेपर्यंत कळत नाही.

तिसरं काम: चाळण

खरी मेहनत इथे आहे, आणि कार्डवाल्यांचे घोटाळेही इथेच होतात.

राज्याच्या विधिमंडळात येणाऱ्या विधेयकांत रस्त्याला कुणाचं नाव द्यायचं, कुठल्या परवान्याची मुदत वाढवायची, जुन्या कायद्यातला चुकलेला संदर्भ दुरुस्त करायचा, असली कामं भरपूर असतात. त्यांवर १०८ विरुद्ध ०, १०५ विरुद्ध ३ असं मतदान होतं. ही सगळी हिशेबात धरली तर प्रत्येक आमदार 'पक्षाशी ९८ टक्के एकनिष्ठ' निघतो आणि 'विरोधी पक्षाशी ८५ टक्के सहमत'ही निघतो. फ्रिजवरच्या दोन कार्डांचं कोडं हेच होतं.

म्हणून फक्त ती मतदानं ठेवायची, जिथे पक्ष समोरासमोर उभे होते. वॉशिंग्टनचं काँग्रेशनल क्वार्टर्ली ही संस्था काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, कित्येक दशकं एक सोपी कसोटी वापरत आली आहे: एका पक्षाचे निम्म्याहून जास्त एका बाजूला, दुसऱ्या पक्षाचे निम्म्याहून जास्त विरुद्ध बाजूला. याहून कडक कसोटी ए. लॉरेन्स लॉवेल यांनी १९०१ साली लावली होती (हेच पुढे हार्वर्डचे अध्यक्ष झाले): एका पक्षाचे ९० टक्के दुसऱ्या पक्षाच्या ९० टक्क्यांविरुद्ध. माझा सल्ला, निम्म्याची कसोटी लावा आणि शेजारच्या रकान्यात नव्वदची खूण करून ठेवा. नव्वदची एकटी वापरू नका. ज्या मतदानात कॉकसमधले आठ-दहा जण फुटले तेच ती गाळून टाकते, आणि आपण तर फुटलेलेच शोधतो आहोत.

एक्सेलमध्ये असं करा. मतांच्या फाइलमध्ये एक रकाना वाढवून एक्सलूकअपने (दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी माहिती आणणारं सूत्र) माणसाचा पक्ष आणा. मग पिव्हट टेबल: ओळीत रोल कॉलचा क्रमांक, रकान्यात पक्ष आणि त्याखाली मत, किमतीत मोजणी. आता प्रत्येक रोल कॉलसमोर चार आकडे दिसतील: डेमोक्रॅट होकार, डेमोक्रॅट नकार, रिपब्लिकन होकार, रिपब्लिकन नकार. एका बाजूला होकार जास्त आणि दुसऱ्या बाजूला नकार जास्त असेल तर १, नाहीतर ०. कॉकस बरोबर मधोमध फाटला असेल (२८-२८ वगैरे) तर ०.

सोबत राइस निर्देशांकही काढून ठेवा. स्टुअर्ट राइस यांनी १९२०च्या दशकात सुचवलेला हा आकडा म्हणजे कॉकसमधल्या होकार-नकाराच्या टक्केवारीतला फरक. ५६ पैकी ५४ होकार आणि २ नकार असतील तर ५२ भागिले ५६, म्हणजे ९२.९. हा आकडा माणसाचा नाही, त्या मतदानाचा आहे. कॉकस कुठल्या विषयावर घट्ट राहतो आणि कुठे सैल पडतो ते यावरून झटकन दिसतं. पुढे सातव्या कामात याचा उपयोग होतो.

माणसांच्या फाइलीत एकाला एकच पक्ष लिहिलेला असतो, हेही ध्यानात असू द्या. मध्येच पक्ष बदललेला आमदार असेल तर तारीख बघून हाताने दुरुस्ती करा. आणि नेब्रास्काच्या वाटेला जाऊ नका. तिथे ४९ सदस्यांचं एकच सभागृह आहे आणि निवडणूकही पक्षाच्या नावाशिवाय होते.

चौथं काम: भागाकार

समजा चाळणीनंतर २४० मतदानं उरली. आपला आमदार २२१ वेळा कॉकसच्या बहुसंख्येबरोबर गेला, ७ वेळा विरोधात, १२ वेळा मत दिलंच नाही. २२१ भागिले २२८ केलं तर ९६.९ टक्के. २२१ भागिले २४० केलं तर ९२.१ टक्के. माणूस तोच, मतं तीच, आणि फरक जवळजवळ पाच टक्क्यांचा. दोन्ही आकडे लिहा. कुणी एकच सांगत असेल तर विचारा की गैरहजेरीचं काय केलंत. काउंटइफ्सची (अटीप्रमाणे मोजणारी) तीन सूत्रं पुरतात, एवढंच हे काम.

पाचवं काम: कोऱ्या जागा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा.

मिशिगनमध्ये विधेयक मंजूर व्हायला हजर असलेल्यांचं बहुमत चालत नाही. निवडून आलेल्या आणि पदावर असलेल्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं: ११० पैकी ५६. बहुमत ५६-५४ असं काठावरचं असेल तर घरी बसलेला एक आमदार आणि नकाराचं बटण दाबलेला एक आमदार यांत निकालाच्या दृष्टीने काडीचा फरक नसतो. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाच्या खालच्या सभागृहांत ८० पैकी ४१ लागतात, तिथेही हेच. कॅलिफोर्नियात तर याची रीतच पडली आहे. सत्ताधारी डेमोक्रॅट आमदार 'नाही' म्हणण्याऐवजी बटणच दाबत नाहीत. कॅलमॅटर्स या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिलं की ते सरासरी एक टक्क्याहूनही कमी वेळा नकार देतात. फक्त नकार मोजणाऱ्याला तिथे एकही बंडखोर सापडायचा नाही.

आता मिशिगनचं जर्नल उघडा. सेनेटच्या जर्नलमध्ये होकार आणि नकार यांच्याखाली 'एक्सक्यूज्ड' (परवानगीने गैरहजर) आणि 'नॉट व्होटिंग' अशी वेगळी यादी असते. हाऊसच्या जर्नलमध्ये होकाराची नावं, नकाराची नावं, मग अध्यक्षस्थानी कोण, की संपलं. जो दोन्हीकडे नाही तो वजाबाकीनेच शोधावा लागतो. दिवसाच्या जर्नलच्या पहिल्या पानावर मात्र हजेरी असते. आडनावासमोर 'प्रेझेंट' किंवा 'एक्सक्यूज्ड', आणि काहींसमोर 'ई/डी/एस' असं तीन अक्षरी लिहिलेलं दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. त्याचा अर्थ, कामकाज सुरू झाल्यावर आत आला. आता जोडी लावा: सकाळी हजर, दुपारच्या एकाच वादग्रस्त मतदानात नाव नाही, त्यापुढच्या मतदानात पुन्हा आहे. हा माणूस आजारी नव्हता. तुमच्या तक्त्यात त्याला 'चुकवलं' असा वेगळा रंग द्या. उलट आठवडाभर सलग गैरहजर असेल तर बहुधा घरचं काही कारण असणार. तो डाग लावू नये.

सहावं काम: एकट्याचा आकडा वाचू नका

९३ टक्के म्हणजे जास्त की कमी? आजची पक्षापक्षांमधली दरी पाहता बहुतेकांचे आकडे नव्वदीतच घोटाळतात, त्यामुळे नुसत्या ९३ला अर्थ नाही. सगळ्या कॉकसची यादी उतरत्या क्रमाने लावा आणि आपला माणूस कितवा आहे ते बघा.

बहुमतातला आणि अल्पमतातला माणूस एकाच तराजूत तोलू नका. कुठलं विधेयक पटलावर येणार हे बहुमताचे नेते ठरवतात; ज्यावर आपलाच कॉकस फुटेल ते ते आणतच नाहीत. त्यामुळे बहुमतातल्या आमदाराची निष्ठा आयतीच वाढते. अल्पमतातल्याला दुसऱ्याने वाढलेल्या ताटातलं निवडावं लागतं. आपले बेळगावचे श्री ठाणेदार २०२१-२२ मध्ये मिशिगन हाऊसमध्ये होते तेव्हा रिपब्लिकन ५८ आणि डेमोक्रॅट ५२ होते. पुढच्याच सत्रात, ते काँग्रेसमध्ये गेल्यावर, डेमोक्रॅट बहुमतात आले. या दोन सत्रांतल्या डेमोक्रॅट आमदारांचे आकडे शेजारी ठेवून 'आता जास्त एकनिष्ठ झाले' म्हणणं चूक. प्रश्नपत्रिकाच बदलली होती.

एकाच सत्रातही ती बदलते. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन डेमोक्रॅट आमदार वॉरन आणि वेस्टलंड या शहरांचे महापौर म्हणून निवडून आले आणि हाऊस ५४-५४ असं अडकलं. १६ एप्रिल २०२४ च्या पोटनिवडणुकांपर्यंत १०८ जणांत ५५ मतं हवी होती, म्हणजे कुणालाही समोरच्याचा हात धरल्याशिवाय काही मंजूर करता येत नव्हतं. तो काळ तक्त्यात वेगळा तोडा, नाहीतर सरासरी दिशाभूल करते.

सातवं काम: सात नकार हाताने वाचा

टक्केवारी झाली. आता वरच्या उदाहरणातले ते सात नकार घ्या आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: विषय, निकालातलं अंतर, बरोबर आणखी किती जण फुटले, आणि मतदारसंघ कसा आहे.

६४-४६ अशा मतदानात दिलेलं विरोधी मत फुकटचं असतं. मोजदाद पुरी झाल्यावर काठावरच्या मतदारसंघातल्या आमदाराला 'जा, तू नाही म्हण' अशी मोकळीक मिळते. कार्डावर 'स्वतंत्र बाणा' म्हणून हीच मतं छापली जातात. याच्या उलट मार्च २०२३ मधलं 'राइट टू वर्क' कायदा (कामगार संघटनेची वर्गणी सक्तीची करायला मनाई करणारा) रद्द करण्याचं मतदान पाहा. दोन्ही सभागृहांत पक्षाच्या रेषेवर, मोकळीक द्यायला जागाच नाही. तिथे कोण कुठे उभं होतं याला वजन आहे. म्हणून मी एक दुसरा, छोटा आकडाही काढतो: निकालातलं अंतर पाच किंवा कमी मतांचं असलेल्या मतदानांपुरती निष्ठा. मतदानं थोडी असतात, त्यामुळे टक्के न लिहिता '३१ पैकी ३०' असंच लिहावं.

विषयांची बेरीजही करा, पण एकाच विधेयकाची तीन-चार मतदानं असतील (मंजुरी, दुसऱ्या सभागृहाच्या बदलांना मान्यता, वगैरे) तर ती एक धरा. राइस निर्देशांक कमी असलेल्या मतदानात फुटणं म्हणजे गर्दीत फुटणं. ९५च्या वर असताना एकट्याने फुटणं ही निराळी गोष्ट.

जे या तक्त्यात कधीच येत नाही

मिशिगन हाऊसमध्ये भिंतीवर मतांचा विजेचा फलक आहे, हिरवे-लाल दिवे लागतात. मतं कमी पडतायत असं दिसलं की अध्यक्ष फलक पुसायला सांगू शकतात. दिवे विझतात आणि ते मतदान झालंच नाही असं होतं. कोण फुटलं हे पत्रकारांनी टिपलं तर टिपलं. त्यामुळे पडलेल्या विधेयकांचे रोल कॉल तुमच्या फाइलमध्ये नगण्य दिसतील. तो माहितीतला दोष नाही, सभागृहाची चाल आहे.

डेट्रॉइटच्या डेमोक्रॅट आमदार कॅरन व्हिटसेट यांची २०२३-२४ ची कारकीर्द या हिशेबाला चांगलीच खिंडीत गाठते. २०२३ च्या शरद ऋतूत डेमोक्रॅट नेत्यांनी प्रजनन आरोग्याच्या विधेयकांचा गठ्ठा आणला. त्यात गर्भपातापूर्वीची चोवीस तासांची सक्तीची वाट रद्द करायची होती. ५६-५४ मध्ये व्हिटसेट यांचं एक मत अडलं. शेवटी ते कलम गळालं, आणि उरलेला गठ्ठा नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला. म्हणजे ज्या मताने कायद्याचा मजकूर बदलला त्याची मतांच्या फाइलीत ओळच नाही, कारण वगळलेल्या कलमावर मतदान होत नाही.

पुढच्या वर्षी, सत्र संपता संपता, डिसेंबर २०२४ मध्ये रिपब्लिकन आमदार टिपवर काम करणाऱ्यांचं वेतन आणि आजारपणाची रजा या मुद्द्यांवर सभागृहातून निघून गेले. व्हिटसेटही आपल्या नाराजीमुळे आल्या नाहीत. गणपूर्तीलाही ५६ च लागतात, डेमोक्रॅट राहिले ५५. १९ डिसेंबरला स्पीकर जो टेट यांनी कामकाज तहकूब केलं आणि रांगेतली विधेयकं तिथेच मेली. त्या दिवशी रोल कॉल न झाल्यामुळे तुमच्या तक्त्यात 'गैरहजर'चा ४ हा आकडासुद्धा येत नाही. दोन वर्षांतली सगळ्यात महागडी गैरहजेरी, आणि टक्केवारीत तिचं वजन शून्य.

म्हणून तक्त्याला एक हाताने लिहायची पाटी जोडा. त्यात तारीख, गणपूर्तीअभावी गेलेले दिवस, पुसलेले फलक, मतदानाआधी गळालेली कलमं. राजधानी लॅन्सिंगच्या बातम्या आणि जर्नलची हजेरी यांवरून ही पाटी भरते. मॅकिनॅक सेंटर चालवत असलेलं मिशिगनव्होट्स हे संकेतस्थळ चुकवलेल्या मतदानांची यादी देतं. ती संस्था मुक्त बाजारपेठवादी विचारांची आहे हे माहीत असू द्या, पण यादी कामाची आहे.

सगळं झाल्यावर आमदाराच्या कचेरीला ईमेल लिहायचा असेल तर 'तुम्ही पक्षाचे गुलाम का' असं लिहू नका. छापील उत्तर येतं. तीन रोल कॉल निवडा, तारीख आणि विधेयकाचा क्रमांक द्या आणि कारण विचारा. त्याआधी त्या दिवसाच्या जर्नलची पीडीएफ उघडून 'प्रोटेस्ट' हा शब्द शोधा. मिशिगनच्या घटनेने प्रत्येक सदस्याला आपल्या विरोधाचं कारण जर्नलमध्ये नोंदवायचा हक्क दिला आहे, आणि पक्षापासून फुटलेले काहीजण तो वापरतातही. मतांच्या यादीखाली, बारीक टायपात, अर्धं पान त्यांचं स्वतःचं बोलणं असतं. मी तीन वर्षांचा हिशेब मांडून झाल्यावर ते पहिल्यांदा वाचलं. तुम्ही आधी वाचा.